लपवलेल्या मेंढ्याबाबत

दि. २४/११/२०२५

प्रति,
मा. पशुधन विकास अधिकारी,
पशुवैद्यकीय दवाखाना, मिरजगाव,
ता. कर्जत, जि. अहिल्यानगर.

अर्जदार : रामहरी गेनू कोकरे, वय ७१, धंदा मेंढपाळ.

विषय : माझ्या कळपास मिळालेला रोगमुक्तीचा दाखला रद्द करणेबाबत.
संदर्भ : आपला दाखला, दि. १२/०६/२०२५.

महोदया,

१) मे महिन्यात आपण गाभडण्याच्या रोगासाठी माझ्या छत्तीस जनावरांचे रक्त घेतले. माझ्याकडे सदतीस होती. सदतिसावा मेंढा बिरोबाच्या नावाने सोडलेला आहे. त्याला आम्ही कातरही लावत नाही, मग सुई कशी लावू द्यायची, असे मनात आले. तो मी सकाळीच ओढ्यापलीकडे नेऊन बांधला. "एवढीच का?" असे आपण विचारले, तेव्हा मी हो म्हणालो.

२) माझा दाखला पाहून शेजारचे सहादेव यांनी आषाढात तोच मेंढा पैदाशीसाठी आपल्या कळपात सोडायला नेला. मी नको म्हणालो नाही. म्हटले असते तर कारण सांगावे लागले असते.

३) दिवाळीनंतर त्यांच्या अकरा मेंढ्या गाभडल्या. माझ्याही दोन गाभडल्या, कोकरे मेलेली पडली. ती कोकरे मी कोणाला न सांगता पुरली. सहादेव मला म्हणतात, "आबा, तुमचा कळप सरकारनं पास केलाय. माज्या मेंढरांपासून लांब ऱ्हावा, न्हाईतर तुमचं बी नुकसान व्हईल." पाण्यावर ते आपला कळप मागे थांबवतात. माझ्या मेंढ्या आधी पितात.

४) त्यांच्या पत्नी भीमाबाई यांनी मेलेली कोकरे उघड्या हातांनी ओढून काढली. पंधरा दिवस त्यांना ताप येतो नि जातो. हा रोग माणसालाही लागतो, हे आपण तपासणीच्या दिवशीच सांगितले होते. त्यांच्या डॉक्टरांना मेंढ्यांचे माहीत नाही. मला माहीत होते.

तरी विनंती की, दाखला रद्द करून तसे गावात कळवावे. मेंढ्याचे रक्त घ्यावे. मी स्वतः धरून उभा राहीन, देवाचा जो दोष असेल तो मला लागो. भीमाबाईंचे रक्त तपासण्यासाठी रुग्णालयास आजच चिठ्ठी द्यावी. सहादेव यांना आपण कळवावे, अशीही एक मागणी लिहिली होती. ती खोडली आहे. ते मीच सांगायचे आहे.

मी पासष्टाव्या वर्षी साक्षरता वर्गात अक्षरे शिकलो. आजवरचे माझे सर्व अर्ज सहादेवच लिहून देत. हा त्यांना लिहायला सांगता आला नाही, म्हणून अक्षर असे आहे.

पोहोच शिक्क्यासह आत्ताच मिळावी. इथून मी त्यांच्याकडे जाणार आहे. हातात कागद असला म्हणजे वाटेतून मागे फिरता येणार नाही.

आपल्याशी खोटे बोललेला,
(सही)
रामहरी गेनू कोकरे

सोबत : मूळ दाखला, भिंतीवरून काढलेला.