लोचची वीण

३ डिसेंबर
नवी ड्यूटी झकास! मुलुंड, सातवा मजला, सकाळी आठ ते संध्याकाळी आठ. पेशंट सोनूबाई, वय एकाहत्तर. लकव्याने बोलणं गेलंय, फक्त डावा हात हलतो. नाकातल्या नळीने पातळ आहार. मुलगा सिद्धेश घरूनच काम करतो, मला ताई म्हणतो. हॉलमध्ये चार फुटी टाकी आहे. त्यात लोच: करंगळीएवढे लांब, सुतळीइतके बारीक, सापासारखे, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे. दिवसभर वाळूत स्वतःला पुरून घेतात. आम्ही वर्सोव्याचे कोळी. घरात मासे पाळायचे म्हटल्यावर मला हसूच आलं. आईला फोनवर सांगितलं, तीही हसली.

६ डिसेंबर
सिद्धेश सांगत होता, लोच टाकीत वीत नाहीत. चार वर्षं खटपट चाललीय. पाणी गार केलं, बदामाची पानं टाकली, काही नाही. टॉर्च लावून त्याने एक मादी दाखवली. पोटाची कातडी इतकी पातळ, की आतली हिरवी गाबोळी, अंड्यांची पिशवी, बाहेरून दिसते. भरतात, पण अंडी घालत नाहीत. का, विचारलं तर म्हणाला, “टाकी आवडत नाही त्यांना, ताई. उबदार, अंधारी जागा लागते.”

९ डिसेंबर
स्वयंपाकघरात काचेचं नवं भांडं. त्यात दोऱ्यासारखी शेकडो पिल्लं. एकदम कशी झाली, विचारलं. जागा सापडली म्हणाला, खुशीत.
सोनूबाई आज फार अस्वस्थ. कूस बदलली, डायपर बदललं, औषध दिलं. तरी डाव्या हाताने पलंगाचा कठडा बडवत राहिल्या. ते ऐकून माझाही पाय हलत राहतो. बसवत नाही, उभं राहवत नाही.

११ डिसेंबर
अंग पुसताना त्यांच्या बेंबीखाली काहीतरी सरकलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, गॅस असेल. पण कातडीखाली हिरवट दिसतंय. हळूच दाबून पाहिलं. गाबोळी हाताला कशी लागते ते मला कोणी शिकवायला नको.
घरी जेवण गेलं नाही.

१२ डिसेंबर
दुपारचा आहार तो स्वतःच देतो, मला बाहेर बसवतो. आज दार किलकिलं होतं. सिरिंजमध्ये टाकीचं पाणी. पाण्यात पट्टे – वळवळत – शेजारी पिल्लांचं ते काचेचं भांडं.
त्याने मला पाहिलं. दचकला नाही. आईला काही कळत नाही म्हणाला.
कळतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.
त्यांच्या मुलीला, रत्नप्रभाताईंना, जुहूला फोन केला. भाऊ आईचं किती करतो ते बघा म्हणाल्या. ठेवला.
मी उद्यापासून येणार नव्हते. पण मग त्यांच्याजवळ कोण?

१३ डिसेंबर, दुपार
तो बाजारात गेल्यावर अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. अर्धा तास म्हणाले. सोनूबाईंना सांगितलं, आपण जातोय. त्यांनी माझं मनगट धरलंय. घट्ट.

पोट हलतंय. चादरीवरूनही –

तो आला. मी आतून कडी लावली. फोन हॉलमध्ये राहिला, चार्जिंगला.

खाली सायरन. तो इंटरकॉमवर वॉचमनला सांगतोय, चुकून बोलावली, परत पाठवा. मी ओरडले. सातव्या मजल्यावरून कोण ऐक–

सायरन गेला.

मनगटावरची बोटं सुटली. सोनूबाई – नाडी नाही. पोट अजून हलतंय.

दारावर टकटक. मी सांगितलं, त्या गेल्या. तो रडला नाही. मग नेहमीच्याच मऊ आवाजात विचारलं, “ताई, तुमचं वय काय हो?”

कडीचे स्क्रू ढिले आहेत. पलंग दाराला लावते, चाकं जाम – एक स्क्रू पड–