वाचनालयासाठी पन्नास माणसं

सोमवार, १ डिसेंबर २०२५

आज बंडप्पा वाचनालयात येऊन गेले. खोली त्यांची. एकोणीस वर्षांपूर्वी वडिलांच्या नावानं ‘कै. नागप्पा वाचनालय’ काढायला फुकट दिलेली. तेव्हापासून मी मानद कार्यवाह. म्हणाले, पंत, ठिबकचे पाइप ठेवायला मला जागा न्हाय, आन् इथं तीन म्हातारी माणसं पेपर वाचत बसतेत. वरीस सरायच्या आत एका कार्यक्रमाला पन्नास माणसं जमवून दाखवा, खोली कायमची वाचनालयाला लिहून देतो. न्हाय तर एक तारखेला कपाटं हलवा.

मी हसलो. पन्नास? पाचशे आणतो म्हणालो. ते खुर्च्या मोजून गेले. बावीस आहेत.

संकल्प : महिन्यात तीन दणदणीत कार्यक्रम. रोज पहाटे पाचला उठून भाषणाची तयारी. शिवाय एखादं पुस्तक वाचणे. कार्यवाहाला वाचायला वेळ कुठला, पण या महिन्यात काढायचाच.

मंगळवार, २ डिसेंबर, सकाळी ९.१०

थंडी फार. पहाटे उठणे उद्यापासून.

गुरुवार, ४ डिसेंबर

‘बातम्या व आगामी कार्यक्रम’ या फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलं. रविवारी सायंकाळी ५ वाजता व्याख्यान. ‘वाचन : काल, आज आणि उद्या’. वक्ता कोण यावर समितीत, म्हणजे मी आणि सहकार्यवाह भुवनेश्वरीबाई यांच्यात, चर्चा झाली. त्या म्हणाल्या, बाहेरून कुणाला तरी बोलवू. मी म्हणालो, बाहेरच्यांना आपलं तेर गाव काय कळणार? वक्ता मी.

बाई भल्या आहेत, पण दृष्टी लहान. दुपारी दोन ते चार बायका जमवतात. एकीनं कादंबरी मोठ्यानं वाचायची, बाकीच्यांनी लसूण सोलत ऐकायचं. पंधरा-वीस तरी असतात. त्या वेळी मी घरी झोपलेला असतो, म्हणून चालवून घेतो.

शनिवार, ६ डिसेंबर

पब्लिसिटी. गावचा वार्ताहर नंदीश याला गाठलं. तो कार्यक्रमाची बातमी कार्यक्रमाच्या आधीच मागून घेतो. सगळ्यांकडूनच घेतो. नंतर कोण पळणार, काका, म्हणतो. लिहून दिली : ‘काल अलोट गर्दीत व्याख्यान संपन्न. श्रोते मंत्रमुग्ध.’ सोमवारच्या अंकात टाक म्हणून बजावलं.

रविवार, ७ डिसेंबर, सायं. ६.४५

बातमी आजच आली! सकाळी वाचनालयातच सिद्धलिंगअप्पांनी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. हे अप्पा म्हणजे दार उघडायच्या आधी पायरीवर बसलेले असतात. दिवसभर लोक रस्त्यात थांबवून हळहळत होते. लई गर्दी झाली म्हणं काल, आमाला कळलंच न्हाय बघा. मी एकेकाला सांगत होतो, अहो आज आहे, पाचला. तर म्हणे, पेपरात आलंय की झालं म्हणून.

उपस्थिती चार. त्यातला एक धाराशिवच्या एसटीची वाट बघत होता. गाडी आली तसा उठला.

घरी आल्यावर वनमालानं विचारलं, मंत्रमुग्ध किती झाले? बायकोशी वाद घालत नाही मी. पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बातमी जिल्हाभर वाचली गेली, म्हणजे एका अर्थी व्याख्यान हजारोंपर्यंत पोचलं. बाकी चूक सगळी नंदीशची.

बुधवार, १० डिसेंबर

पाचचा गजर लावला होता. वनमालानं बंद केला असावा.

शनिवार, १३ डिसेंबर

माझं टायमिंग चुकलं होतं, बाकी काही नाही. सगळा विचार करून आता शुक्रवार १९ तारीख काढली. शाळा बंद, दुकानं बंद, अख्खं गाव मोकळं. सकाळी अकराला काव्यवाचन. कविता माझ्याच. चौतीस आहेत.

भुवनेश्वरीबाई म्हणाल्या, अवो काका, त्या दिवशी येळवस हाय. मी म्हणालो, म्हणून तर सुट्टी आहे! या बाईंना प्लॅनिंग कधी कळणार?

शुक्रवार, १९ डिसेंबर, दुपारी ४

गाव मोकळं होतं. पूर्ण मोकळं. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, जो तो बायकापोरं घेऊन शेतात पूजेला, जेवायला. गल्लीत कुत्रं नव्हतं, तेही भज्जीच्या वासानं शिवारात गेलं असणार. अकरा ते बारा एकटाच बसलो. भुवनेश्वरीबाईसुद्धा शेतात.

साडेबाराला बंडप्पांचा फोन. पंत, कुठं हाव? या की जेवायला, सगळे थांबलेत. गेलो. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी दोनदा घेतली, ताकातली आंबील तीन तांबे. आजूबाजूच्या शेतांतली मिळून शंभरेक माणसं सहज होती. आयतीच जमली आहेत तर कविता ऐकवाव्यात असं ठरवलं, पण आंबिलीनं डोळा लागला. उठलो तेव्हा भांडी घासून झाली होती.

निघताना बंडप्पा म्हणाले, बारा दिवस राह्यले. वाटेत मनात आलं, पिकतं तिथं विकत नाही हेच खरं.

सोमवार, २२ डिसेंबर

काल दिवसभर डोक्यात पाइप. एकोणीस वर्षं ज्या खुर्चीवर बसलो तिथं ठिबकची बंडलं? मग अचानक सुचलं. मास्टर प्लॅन! माणसाची किंमत तो निघाला की कळते. नंदीशला ताबडतोब प्रेस नोट दिली :

‘रविवारी २८ तारखेला सायंकाळी ५ वाजता वाचनालयात विशेष सभा. कार्यवाह विष्णुपंत हे तरुणांना संधी मिळावी म्हणून पद सोडत असल्याचे जाहीर करणार आहेत. मात्र वाचकांचा याला तीव्र विरोध असून, त्यांनीच पदावर राहावे असा आग्रह धरण्यासाठी मोठा जनसमुदाय लोटणार असल्याचे समजते.’

या वेळी ‘संपन्न’ हा शब्द कुठंही येऊ दिला नाही. चुकांतून शिकतो मी. भाषणाचे दोन भाग केलेत. भाग एक : निरोप. भाग दोन : लोकाग्रहास्तव माघार. भाग दोन अकरा पानं झालाय.

शनिवार, २७ डिसेंबर

बातमी आली. ‘जाहीर करणार आहेत’ इथपर्यंत. पुढचं सगळं गाळलं, कारण खाली पेंडीची जाहिरात. नंदीश म्हणाला, काका, ते वरून कापतेत, माझ्या हातात न्हाय.

काही बिघडत नाही. लोकांना न लिहिलेलंही कळतं. दिवसभरात सव्वीस फोन आले. सगळ्यांचा एकच प्रश्न : पंत, नक्की ना? काळजी नुसती ओसंडत होती. सिद्धलिंगअप्पा तर घरी येऊन दोनदा विचारून गेले, शब्दाला फिरणार न्हाईत नव्हं? भोळी माणसं.

रविवार, २८ डिसेंबर, सायं. ८

एकशे अठरा.

भुवनेश्वरीबाईंनी वहीत सह्या घेतल्या, म्हणून आकडा पक्का. दुपारच्या सगळ्या बायका घरच्यांना घेऊन आल्या. खुर्च्या कधीच संपल्या, लोक रस्त्यावर उभे. शाल, श्रीफळ, हार. नऊ जण माझ्यावर बोलले. सिद्धलिंगअप्पा म्हणाले, पंतांनी कपाटाच्या किल्ल्या अशा जपल्या, अशा जपल्या, की एकोणीस वर्षांमागची पुस्तकं आज बी कोरी हायेत. मोठी टाळी.

मग मी उठलो. भाग एक उत्तम झाला. ‘तेव्हा आता मी थांबतो,’ असं म्हणून खरोखरच थांबलो. विरोधाला जागा ठेवली. मागं एक खुर्ची करकरली. मनात म्हटलं, आला, पहिला आला. एक जण उठला, मग चार उठले, मग सगळेच उठले. आणि टाळ्या. थांबेचनात. मी दोनदा हात वर करून बघितलं, तर आणखी वाढल्या. भाग दोन खिशातच राहिला.

बंडप्पांनी तिथल्या तिथं सांगितलं, खोली वाचनालयाची. आन् कार्यवाह म्हणून भुवनेश्वरीबाईंचं नाव मांडतो, अनुमोदन कोण देतंय? सगळे माझ्याकडेच बघत होते. दिलं मी.

घरी वनमाला म्हणाली, शाल चांगली आहे. थोड्या वेळानं म्हणाली, खोली राहिली ना तुमची, मग झालं तर. राहिली. आणि माणसं मीच आणली, हे कुणी नाकारू शकत नाही.

बुधवार, ३१ डिसेंबर, सकाळी ११.३०

एकोणीस वर्षं पेपर आधी माझ्या हातात यायचा, मग टेबलावर जायचा. आज गेलो तर सिद्धलिंगअप्पा वाचत होते. त्यांच्यानंतर आणखी एक जण. भुवनेश्वरीबाई फळ्यावर आगामी कार्यक्रम लिहीत होत्या. वळून म्हणाल्या, बसा काका, तुमचा नंबर तिसरा.

वाईट वाटलं. इथं लिहायला हरकत नाही, ही वही कोण बघतंय.

सव्वादहाला नंबर लागला. चौथ्या पानावर बातमी : अलोट गर्दीत निरोप समारंभ संपन्न. बातमी मी लिहून दिलेली नव्हती, आणि शब्दन् शब्द खरा होता. सोबत फोटो. मधोमध भुवनेश्वरीबाई, शेजारी बंडप्पा. बंडप्पांच्या फेट्यामागं एक कान दिसतो. तो माझा आहे. येताना अंक विकत घेऊन वनमालाला दाखवला, ती म्हणाली, नंदीशचा असेल.