'आणि'ची चौकट

प्रिय ठकू,

आधी एक खुलासा. पाकीट जाड आहे म्हणून घाबरू नकोस. घरात सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्यापेक्षा कमीच. मी नेहमीसारखा टेबलाला चिकटलेला आहे. बाबांनी पत्र लिहिलं म्हणजे नक्की काहीतरी वाईट घडलं, असं तुझ्या मनात येणार, म्हणून हे सुरुवातीलाच सांगून टाकलं. फोन असताना पत्र कशाला, हा तुझा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर शेवटी देतो. चित्रकथेत महत्त्वाची गोष्ट पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ठेवायची, म्हणजे वाचणाऱ्याचा हात आपोआप पान उलटायला जातो. ही माझी जुनी खोड तुला माहीत आहेच.

आमच्या साप्ताहिकात एक नवी चित्रकार मुलगी आली आहे. केसांत पेन्सिल खोचून फिरते आणि तीच पेन्सिल ऑफिसभर शोधते. ती कागदावर काढतच नाही, मोबाइलवर वाचायच्या चित्रकथा काढते. तिथे पान नावाचा प्रकारच नाही. सगळ्या चौकटी एकाखाली एक, बोटाने सरकवत जायचं. मी आधी नाक मुरडलं. पान नाही तर कोपरा नाही, आणि कोपरा नाही तर माणसाची उत्सुकता टांगायची कुठे? पण तिने मला एक गंमत दाखवली. विहिरीत दगड टाकणारी एक मुलगी, आणि त्या चौकटीखाली नुसतं पांढरं. मी बोट सरकवतोय, सरकवतोय, पांढरंच येतंय. श्वास रोखून बसलो होतो म्हण ना. मग कुठेतरी तळाशी इवल्या अक्षरांत 'डुबुक'. मी टेबलावर अशी थाप मारली की शेजारच्याची कॉफी सांडली. इतकी लांब गल्ली मला उभ्या जन्मात मिळाली नव्हती.

गल्ली हा शब्द तुझाच. दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीला आम्ही ऑफिसात नुसतं 'जागा सोडणं' म्हणायचो. तू एकदा माझ्या कोपराखालून डोकं घुसवून विचारलंस, बाबा, ही गल्ली कुठे जाते? विचारताना तुझा 'बाबा' निघायला बराच वेळ लागला होता, पण प्रश्न अस्सल होता. आमच्या जुन्या संपादकांना गल्ली म्हणजे कागदाची नासाडी वाटायची. चौकटी चिकटवा, पानात आणखी दोन मावतील, हा त्यांचा धोशा. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. एक कोरा कागद घेतला. पहिल्या चौकटीत टपाल्याच्या हातात कप, दुसऱ्या चौकटीत जमिनीवर कपाचे तुकडे, आणि खाली लिहिलं, कप कोणी पाडला? टपाल्या म्हणजे माझं ते टपाल वाटणारं कासव, ज्याच्या पाठीवर आपलं घर इतकी वर्षं चाललं. संपादक कागदाकडे बघत राहिले आणि मग खट्टू होऊन म्हणाले, मीच पाडला वाटतं. अगदी बरोबर. कप गल्लीत पडतो, आणि तो वाचणाऱ्याने पाडायचा असतो. चित्रकाराने तिथे नाक खुपसायचं नाही. त्यानंतर माझ्या गल्ल्यांना कोणी हात लावला नाही.

तू वाचायला लागलीस तेव्हाचं आठवतं का? मी तुला कधी गोष्ट वाचून दाखवली नाही. तूच वाच, असं म्हणून कच्चं पान तुझ्यापुढे सरकवायचो आणि पेन्सिल घेऊन ऐकत बसायचो. तू 'प'ला अडायचीस. टपाल्याच्या पाठीवर पतंग पडतो, असं एक पान होतं. सगळे 'प' एका ओळीत भरणारा मी बाप की वैरी! तुझे ओठ घट्ट मिटले, मान ताठ झाली, डोळ्यांत पाणी. मी तुला काही समजावत बसलो नाही. खोडरबर घेतलं आणि ती लांब चौकट मोडली. पहिल्या चौकटीत टपाल्या चालतोय. दुसऱ्या चौकटीत अक्षर नाही, तो नुसता थांबून वर बघतोय. तिसऱ्या चौकटीत एकटा 'पतंग', मोठ्या अक्षरांत. तू पुन्हा वाचलंस. त्या मुक्या चौकटीत तुला थांबणं भागच होतं, टपाल्याही थांबला होता ना. त्यामुळे तुझं थांबणं हे अडणं राहिलं नाही, गोष्टीतला भाग झालं. मग 'पतंग' असा सुटला की तू टाळ्याच वाजवल्यास.

पुढे गंमत अशी झाली की ते पान छापून आल्यावर मुलांची पत्रं आली, टपाल्या नुसता वर बघतो ती चौकट सगळ्यात भारी म्हणून. मोठ्या माणसांनी लेख लिहिले. माझ्या मुक्या चौकटींत कोणाला ध्यान दिसलं, कोणाला आधुनिक माणसाचा एकटेपणा. मला हसू आवरेना. त्यांना काय ठाऊक, तिथे माझी पोर दम घेत होती! चौकटी कशा पाडायच्या ते मी तुझ्या श्वासावरून शिकलो, ठकू. तू भरभर वाचायचीस तिथे अरुंद चौकटी, एकीच्या मागे एक, पळत्या पायांच्या. तू रेंगाळायचीस तिथे पानभर पसरलेली एकच चौकट. सलग एकाच मापाच्या चौकटी आल्या की तुझा आवाज पावलं टाकल्यासारखा एका चालीत यायचा, आणि मग मी मुद्दाम एक वाकडी चौकट घालून तुला हसवायचो.

आणि मग ते पाठ्यपुस्तकाचं प्रकरण. वर्गात उभं राहून धडा वाचायचा होता, दीपगृहातल्या म्हाताऱ्याचा. पाठ्यपुस्तकात कुठल्या आल्यात गल्ल्या? तर तू पेन्सिलने अख्ख्या धड्याला चौकटी पाडल्यास. ओळींवरून, शब्दांमधून, समासापर्यंत. शाळेचं पुस्तक विद्रूप केलं म्हणून बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. बाई तावातावाने बोलत होत्या, तुझी आई त्यांना तितक्याच तावात उत्तर देत होती, आणि मी नेहमीप्रमाणे घशाला हात लावून, घसा बसलाय अशी खूण करून कोपऱ्यात पुस्तक चाळत उभा होतो. खरं सांगू? मला तुझा हेवा वाटला. 'लाट आली' याला तू चिमुकली चौकट दिली होतीस. 'म्हातारा जिना चढू लागला' याची उभी, उंच, पानाच्या टोकापर्यंत. आणि 'आणि' या शब्दाला एकट्याला एक अख्खी चौकट! 'आणि'ला कोणी चौकट देतं का? पण वाचून बघितलं तर पटलं. 'आणि' म्हटलं की ऐकणारा उठून जात नाही, त्याला कळतं की अजून काहीतरी यायचंय. तेवढ्यात आपल्याला हवा तेवढा वेळ मिळतो. मी ती युक्ती तुझ्याकडून उचलली आणि त्यावर बक्षीससुद्धा मिळवलं. बक्षीस घ्यायला मात्र तुझ्या आईला पाठवलं, कारण माझा घसा बसला होता.

माझा घसा हा आपल्या घरातला कायमचा विनोद. लग्नकार्यात बसलेला, शाळेच्या सभेत बसलेला, भाषणाचं आमंत्रण आलं की हमखास बसलेला. बाबांच्या शब्दकोशात तीनच शब्द आहेत, 'हं', 'बघू' आणि 'आईला विचार', असं तू तुझ्या नवऱ्याला सांगितलंस तेव्हा मीही हसलो होतो. फोनवर मी 'हं' करून लगेच तुझ्या आईकडे देतो, त्याचा तुला राग येतो हेही मला माहीत आहे. बाबांना आपल्याशी बोलायचंच नसतं, असं तू एकदा तिला म्हणालीस. ते मला लागलं.

गेल्या रविवारी मी फोन आईकडे दिला, पण उठून गेलो नाही. तिने स्पीकर लावला होता. तुझ्या भिंगरीला माझ्याशी बोलायचं होतं. आ, आ, असं चाललं होतं तिचं. मी ऐकत होतो, तिला काही घाई नव्हती, मला तर नव्हतीच. तेवढ्यात मागून तुझा आवाज आला, आजोबा, आजोबा म्हणायचंय तिला. मग भिंगरी गप्प झाली. पुढे बोललीच नाही. नंतर तू आईला रडत सांगितलंस, की ती आता वर्गात तोंडच उघडत नाही, बोट दाखवून मागते, आणि हे सगळं तिला तुझ्यामुळे आलंय, असा दोष स्वतःला दिलास. ठकू, तुझा आवाज मायेचा होता, मला ठाऊक आहे. पण तो कप तू पाडलास. तो भिंगरीने पाडायचा होता. तिची गल्ली तिला चालू दे. मी हे एवढं ठामपणे का सांगतो, ते ऐक.

माझा घसा कधीच बसला नव्हता. मी अडखळतो, ठकू. लहानपणापासून. 'च' तर माझ्यापुढे भिंतीसारखा उभा राहतो, म्हणून ऑफिसात इतकी वर्षं कॉफी पितोय, जी मला अजिबात आवडत नाही. तुझ्या आईने लग्नानंतर माझी वाक्यं पुरी करायला सुरुवात केली, तुझ्याइतक्याच मायेने. मला बरं वाटलं, सोपं वाटलं, आणि हळूहळू मी अर्धी वाक्यंसुद्धा बोलेनासा झालो. तू अडायला लागलीस तेव्हा तुला सांगितलं नाही, कारण मोठेपणी हे जातं, असं तुला वाटावं अशी माझी इच्छा होती. तुझं बरंचसं गेलंही. तू बोलत राहिलीस म्हणून. तेव्हा भिंगरीला हे कुठून आलं याचा शोध घ्यायचाच असेल तर तुझ्यापाशी थांबू नकोस, आणखी एक मजला वर ये. रक्तातून येतं की कसं, ते डॉक्टर जाणोत. पण आलं तरी त्यात रडण्यासारखं काही नाही, हे मात्र मी आता खात्रीने सांगू शकतो. कारण सोमवारी त्या पेन्सिलवाल्या मुलीने विचारलं, काय घेणार, आणि मी 'च'वर उभा राहिलो. उभाच राहिलो. ती बिचारी 'कॉफी ना?' म्हणाली नाही. केसांतली पेन्सिल चाचपत शांतपणे थांबली. शेवटी 'चहा' निघाला. आभाळ कोसळलं नाही. चहा मात्र गार होता, आणि मी तो मिटक्या मारत प्यायलो. त्यानंतर रोज चहा मागतोय. कालच्या चहाला तर मी एक अख्खं वाक्य जोडलं, साखर कमी टाका म्हणून.

आता पत्राचं कारण. येत्या रविवारी फोन मी करणार आहे, आणि तो आईकडे देणार नाही. भिंगरीला जवळ बसव. तिला आपला आजोबा अडताना ऐकू दे. अडूनही पुढे जाताना ऐकू दे. सोबत तिच्यासाठी एक पान पाठवतोय, त्यात टपाल्या पहिल्यांदाच 'च'ला अडला आहे. ते आम्ही दोघं मिळून वाचू, तिची चौकट तिने, माझी मी. तू मध्ये एकही शब्द भरायचा नाहीस, कितीही जिवावर आलं तरी. आणि एक राहिलं. तुला ठकू का म्हणतो, हे तू कधी विचारलं नाहीस. तुझ्या आजीने तुझं नाव बारशात ठेवलं, तेव्हा त्याचं पहिलंच अक्षर ऐकून मी तिथल्या तिथे 'ठकू' शोधून काढलं. तुझं खरं नाव मी तुला आजवर एकदाही हाक मारून म्हटलेलं नाही. इथे लिहीत नाही. लिहायला मला कधीच अडचण नव्हती. रविवारी तू फोन उचललास की आधी तेच म्हणणार आहे. वेळ लागेल. मी मध्येच गप्प झालो तर लाइन गेली असं समजून फोन ठेवू नकोस. ती 'आणि'ची चौकट असेल.

तुझाच,
बाबा