कधी दाणे, कधी नुसती शिट्टी

४ ऑक्टोबर
"पिल्लांना प्रत्येक वेळी दाणे देऊ नकोस," मिंगते आमच्या लग्नाच्या वर्षी म्हणाला होता. "कधी दाणे, कधी नुसती शिट्टी. मग ती हट्टाने परत येतात."

किती दुष्टपणा! आता तो नाही, कबुतरं माझ्याकडे आहेत. शेवटची दोन पिल्लं. पांढऱ्या शेपटीचं शिट्टीसरशी येतं, पोटभर खातं. राखाडी रेंगाळत येतं. कधी उरलेलं मिळतं, कधी नाही.

ताइचुंगहून लेकीचा, रुओयुनचा फोन. "आई, तुझी खोली लावून ठेवलीय." पिल्लं शिकली की माझे दीर हुईझोंग ती नेणार. मग लगेच निघते. नक्की.

मिंगतेच्या फोटोपुढे उदबत्ती लावली. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी ठोकळे टाकून विचारलं, आहेस ना? एक उताणा, एक पालथा. म्हणजे हो. बरं वाटलं. रोज विचारणार नाही. मी तसली नाही.

५ ऑक्टोबर, सकाळ
विचारलं. दोन्ही उताणे. म्हणजे हसतोय. हसणं काही उत्तर नव्हे, म्हणून पुन्हा टाकले. दोन्ही पालथे. नाही म्हणतोय. ठोकळे दमट झाले असणार. पुसून पुन्हा टाकले. हो.

११ ऑक्टोबर
पांढरी शेपटी किती हुशार! शिट्टी संपायच्या आत छपरावर. राखाडी मठ्ठच. म्हणजे मिंगतेची पद्धत चूक. हुईझोंग म्हणाले, "वहिनी, फार लाडावलंत त्याला. दादा असता तर तुम्हालाच पिंजऱ्यात कोंडलं असतं."

मिंगतेला विचारलं, माझं बरोबर ना? हसला.

१९ ऑक्टोबर
ताप. हुईझोंग रोज येऊन शिट्टी वाजवून जातात. दाण्यांचा डबा कुठे आहे, ते सांगायचं राहिलं.

२३ ऑक्टोबर
पांढरी शेपटी शेजारच्या श्यूकाकूंच्या गच्चीवर. तिथे भात मिळतो. घशाला कोरड पडेपर्यंत शिट्टी वाजवली. वळूनही पाहिलं नाही.

राखाडी मात्र तापातले सगळे दिवस येत होतं म्हणे. रिकाम्या थाळीत चोच मारायचं, जायचं, पुन्हा यायचं. भर पावसातसुद्धा.

"याला न मिळायची सवय आहे ना, वहिनी. हे आता मरेस्तोवर येणार." हुईझोंग हसत होते. माझ्या मुठीत ठोकळे होते.

२ नोव्हेंबर
राखाडीला हुईझोंग घेऊन गेले. रुओयुन म्हणाली, "आता काय कारण?" छप्पर गळतंय, म्हटलं. खुराड्याचं. ती म्हणाली, "आई, खुराडं रिकामं आहे ना?"

मिंगते काल दिवसभर 'नाही' म्हणाला. आज सकाळपासून नुसता हसतोय. एक 'हो' आला की बॅग भरते.

दुपारी 'हो' आला. बॅग उद्या.

५ नोव्हेंबर, पहाट
छपरावर पंख वाजले. दचकून उठले. कोण ते एक क्षण कळलं नाही. जे वाटलं ते लिहीत नाही. राखाडी होतं. तिकडे पोटभर मिळतं, तरी आलं. थाळी ठोकत राहिलं. दाणे दिले नाहीत. दिले तर ते कधीच सुटणार नाही.

दाराआड उभी राहिले, ते उडून जाईपर्यंत.

मिंगते, ठोकळे हातात आहेत. एवढं एकच ऐक. यापुढे 'हो' म्हणू नकोस. एकदाही नको. तू ऐकायचा नाहीस, मला माहीत आहे. तरी विचारते.

टाकते.