साचा कुणाचा

प्रिय वर्लिन,

'प्रिय' हे सवयीने लिहिलं गेलं. खोडून दुसरा कागद घेणार होते, पण तुझ्यासाठी कागद वाया घालवायची इच्छा नाही.

तुझं पार्सल मार्चमध्ये मिळालं. कॉफीच्या डब्यात लोकरी मोजा, मोज्यात बाबांचा साचा. सोबत एक ओळसुद्धा नाही. चार हिवाळे तो तुझ्याकडे होता आणि पाठवताना तुला दोन शब्द सुचले नाहीत. आपल्या घरात रायफल आणि तिच्या गोळीचा साचा कधी वेगळे झाले नाहीत. आजोबांकडून बाबांकडे आले ते एकाच पेटीतून आले. बाबांनी रायफल माझ्या नावे केली तेव्हा साचा वेगळा लिहिला नाही, कारण तो वेगळा लिहावा लागेल असं त्यांच्या मनातही आलं नसेल. अंत्यविधीनंतर सगळं गाव चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच खात होतं आणि तू एकटाच बाबांच्या घरी गेलास. परत आलास तेव्हा तुझ्या कोटाचा उजवा खिसा खाली ओढला गेला होता. मी पाहिलं. मर्नानेही पाहिलं, आणि तिने मला आणखी कॉफी हवी का म्हणून विचारलं. तुझी बायको चांगली आहे. तिला तू कसा मिळालास हे मला अजून कळलेलं नाही.

मी साचा मागितला नाही. माझी वस्तू मी का मागू? टपालाने दुसरा मागवला आणि पहिल्या बर्फाबरोबर तळघरात उतरले. तुला वाटलं असेल, हिला काय जमतंय. बरोबरच होतं तुझं. लहानपणी बाबांनी आपल्याला वाटून टाकलं होतं. तू डोळ्याची पापणी न हलवता वितळलेल्या शिशाकडे बघत बसायचास म्हणून तुला चुलीपाशी बसवलं, आणि मी हलत नसे म्हणून मला बाकावर, रायफलीमागे. शिसं तुझं, नेम माझा. त्यामुळे चाळिशी उलटल्यावर मला पळी धरायला शिकावं लागलं. टायरच्या दुकानातून चाकांचा तोल साधायची शिशाची वजनं आणली, त्यात कथील घातलं. साचा तापेपर्यंतच्या सुरकुतलेल्या गोळ्या परत भांड्यात टाकल्या. ज्या नितळ आल्या त्या एकेक करून तोलल्या. मधमाश्यांचं मेण आणि मेंढीची चरबी कालवून त्यांना लावली. एकदा चाकांच्या वजनांबरोबर जस्ताचा एक तुकडा गेला आणि भांडंभर शिशाची लापशी झाली. ते सगळं मी मागच्या कुंपणापलीकडे नेऊन ओतलं आणि तिथेच उभी राहून तुला शिव्या दिल्या. शेजारच्या एल्व्हिराने खिडकी लावून घेतली.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा बाबांचा नियम. मी तो पाळला. आधी बंदुकीची दारू किंचित कमी केली, मग किंचित जास्त. मग दुसऱ्या जातीची दारू. मग शिसं मऊ केलं, म्हणजे दारूच्या धक्क्याने गोळी फुगून नळीत घट्ट बसेल. गोळी आधी हाताने नळीत सरकवायची आणि तिच्यामागे दारूची पुंगळी, ही बाबांची पद्धतही केली. पेन्सिलीएवढी जाड गोळी ती, तिचे नखरे किती असावेत? कागदावर भोकं ताटाएवढ्या जागेत विखुरलेली. काही भोकं तर लांबट, म्हणजे गोळी आडवी होऊन लागलेली. नळीतून शिशाचे पापुद्रे निघायचे. मी सगळं बदलून पाहिलं, एक साचा सोडून, कारण खरा साचा तुझ्या खिशात होता. नेमबाजीच्या क्लबमध्ये सगळ्यांना ते माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. थोर्वाल्ड तेवढा म्हणाला की नळी झिजलीय, आता रायफल भिंतीवर टांगून ठेव, माझी बायको माझ्याबद्दल हेच म्हणते.

त्या बोलण्याने मी हसले, पण घरी आल्यावर बाबांची शेवटची दोन वर्षं आठवली. त्यांच्याही गोळ्या विखुरत होत्या. आपण सगळ्यांनी ठरवून टाकलं की त्यांची नजर गेली. त्यांनीही ते मान्य केलं. चष्मा बदलला, मग पुन्हा बदलला, आणि शेवटी बाकावर बसणंच सोडलं. शनिवारी क्लबात जायचे ते स्टोव्हजवळ बसून लोकांच्या गोळ्या मोजायला. तू तिकडे बिस्मार्क शहरात होतास. तू ते पाहिलेलं नाहीस. मी पाहिलंय. म्हणून मला ती रायफल पुन्हा नेमावर आणायची होती. कुणाला काही दाखवण्यासाठी नाही. त्यांचे डोळे ठीक होते की नाही, एवढंच मला पाहायचं होतं.

आणि मग तुझं पार्सल. साचा उघडला आणि दिव्याखाली धरला. बाबांनी त्या साच्याच्या पोटाला कधी फडकंही लागू दिलं नाही. बिडाच्या जुन्या तव्यासारखा आतून काळानिळा होता तो. तू मला पाठवलास तो लखलखत होता. मर्नाला फोन केला. ती म्हणाली, आठवडाभर खाली बसून घासत होता, विचारलं तर म्हणाला, साफ करतोय. मी फोन आपटून ठेवला. मर्नाला सांग, तो तिच्यावर नव्हता आपटला. आजोबांपासूनचा साचा, आणि तू तो चमच्यासारखा घासलास. तुला परत करायचा नव्हता तर ठेवून घ्यायचास. मारून कशाला पाठवलास?

रागातच मी चूल पेटवली. गोळ्या साच्याला चिकटून बसल्या, सुटेनात. काडेपेटीच्या काडीचा धूर आत धरला, तेव्हा कुठे पडू लागल्या. जाड होत्या. नळीत नुसत्या अंगठ्याने जाईनात, लाकडी दांड्याने रेटाव्या लागल्या. म्हटलं, बरं झालं, याने साच्याचं पोटही मोठं करून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी त्याच गोळ्या घेऊन क्लबात गेले, फक्त तुझी करणी डोळ्यांनी पाहावी म्हणून. पहिल्या गोळीनंतर दुर्बिणीतून पाहिलं. दुसरीनंतर पाहिलं, तर दुसरी कागदावर नव्हतीच. मला वाटलं, कागदच चुकला. तिसरी, चौथी, पाचवी मारली आणि कागद आणायला गवतातून चालत गेले. पाचही गोळ्यांचं एकच भोक होतं, कडा कुरतडल्यासारख्या. पाव डॉलरच्या नाण्याखाली झाकलं गेलं. नळी झिजली होती, तिला जाड गोळी हवी होती. बाबांना कुणी डोळे तपासायला पाठवण्याऐवजी नळी तपासली असती तर. मी गवतात उभी होते आणि मला आनंद व्हायला हवा होता. मला इतका संताप आला की कागद चुरगळून टाकणार होते. तुझ्या मूर्खपणाने चार हिवाळ्यांच्या माझ्या कामाला हरवलं होतं.

सप्टेंबरची स्पर्धा मी जिंकली. तुला कुणी सांगितलं असेलच. वारा पश्चिमेचा होता, बाबांना आवडायचा तसा, एकसारखा. बक्षीस म्हणजे नेहमीचंच, अर्धं हरीण आणि एल्व्हिराच्या हातच्या लेफ्सेचा, त्या बटाट्याच्या पोळ्यांचा, डबा. पण जिंकलेला कागद क्लबच्या भिंतीवर लावायच्या वेळी थोर्वाल्ड हातोडी घेऊन खुर्चीवर चढला आणि रीतीप्रमाणे सगळ्यांसमोर विचारू लागला. रायफल कुणाची? माझी, म्हटलं. गोळ्या ओतल्या कुणी? मी. साचा कुणाचा? बाबांचा म्हणायला तोंड उघडलं होतं, पण तो साचा आता बाबांचा राहिला नव्हता, आणि खोटं नाव सांगून त्या भिंतीवर कुणाचा कागद लागलेला नाही. थोर्वाल्ड खाली उतरला. साचा दाखव म्हणाला. खिडकीपाशी जाऊन भिंगातून त्याने बराच वेळ पाहिलं आणि मग भिंग माझ्या हातात दिलं. आत बारीक रेघा होत्या. सगळ्या गोल, एकीच्या आत एक, दोन्ही बाजूंना सारख्या.

"हे कुणी केलं?" त्याने विचारलं.

भावाने साफ केलं, मी सांगितलं.

"साफ करायला असं गोल गोल कुणी घासतं का, आर्डिस? यात गोळी ओतून, तिला बारीक वाळू लावून, साचा मिटून आतल्या आत फिरवलीय. बोटांनी. साच्याचं पोट वाढवायचं तर असंच करतात. तुझा भाऊ एक तर फार हुशार आहे नाहीतर फार नशीबवान. मला दोन्ही जातीची माणसं आवडत नाहीत."

घरी येताना मला ती दुपार आठवली. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी तू रायफल घेऊन तळघरात बसला होतास. शेवटची एकदा साफ करतो म्हणालास. वर मी बटाटे सोलत होते आणि खालून लाकडी हातोडीचे ठोके ऐकू येत होते. हलके, थांबून थांबून. मला वाटलं, रागाने काहीतरी आपटतोयस, कारण मृत्युपत्र तोवर तुला कळलं होतं. पण साफ करायला हातोडी लागत नाही. नळी किती झिजली हे पाहायला मऊ शिशाची गोळी तिच्यातून ठोकत पार न्यायची आणि त्या गोळीची जाडी मोजायची, त्याला हातोडी लागते. ते बाबांनी तुला शिकवलं होतं, मला नाही.

म्हणून हे पत्र. क्लबचा नियम तुला माझ्याइतकाच पाठ आहे: ज्याने जाणूनबुजून साच्याचं पोट वाढवलं, साचा त्याचा. तू नुसताच मूर्खासारखा घासला असशील तर साचा बाबांचाच आहे. मी त्यांचं नाव सांगेन, कागद लागेल, आणि तुझ्यावरचा माझा राग जागच्या जागी राहील. मला तेच सोपं आहे. पण तुला कळलं होतं, तू मापं घेतलीस, आणि चार हिवाळे एक शब्द न बोलता मला तळघरात शिशाच्या धुरात बसू दिलंस, मी मागेन म्हणून वाट बघत बसलास, तर मग साचा तुझा आहे. मग मी तो ठेवून घेऊ शकत नाही. पण रायफल माझी आहे आणि ती या घरातून हलणार नाही. म्हणजे ओतायला तुलाच इथे यावं लागेल, दर हिवाळ्यात, त्याच चुलीपाशी, आणि मी तुझ्याशी नीट बोलेन अशी आशा करू नकोस. भिंतीवरचा खिळा रिकामा आहे. थोर्वाल्ड रोज विचारतो. खरं काय ते लिहून कळव. फोन करू नकोस, फोनवर तू खोटं चांगलं बोलतोस.

इतकं होऊनही तुझीच,
आर्डिस