पानी उनं

पिंपळनेर,
९ नोव्हेंबर २०२५

ती. संघमित्राअक्का यांस समाधानचा जयभीम.

इकडे सगळे बरे आहेत. कांद्याचं रोप पावसाने नासलं, पुन्हा टाकलंय. नर्मदाबाई आईंचा गुडघा कसा आहे? "प्रशील शेवटी काय बोलला?" असं तुम्ही तीनदा विचारलंत आणि तिन्ही वेळा मी "आवाज नीट आला नाही" म्हणून कळवलं.

तुमचा भाऊ खाली पाणबुडी चालवायचा आणि मी वर जहाजावरून त्याच्याशी फोनवर बोलायचो. त्या दिवशी गडी खूश होता. अंधारात चमकणारे जीव दिसले तेव्हा म्हणाला, "अक्काले सांग, आठे बठ्ठा काजवा शेतस." हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तेवढंच सांगितलं होतं.

भडगावात आठवड्याने नळ आला की तुम्ही गल्लीभर "पानी उनं!" ओरडायचात ना? पाणबुडी समुद्राला टेकली की तोही दर वेळी तसंच ओरडायचा. मी म्हणायचो, "हंडा भरी ले." आमची ठरलेली थट्टा.

त्या दिवशी नऊशे मीटर खोलीवर तो पुन्हा म्हणाला, "समाधान, पानी उनं." हळू म्हणाला. मी हसलो. "हंडा भरी ले," म्हटलं.

पाणी आत आलं होतं, अक्का. शेजारी बसलेल्या हेमांगी मॅडम पहिल्यांदाच उतरल्या होत्या. त्या घाबरू नयेत म्हणून तो आपल्या बोलीत बोलला. वरून होकार आल्याशिवाय वजनं सोडून वर यायचं नाही, असा नियम. तो माझ्या होकारासाठी थांबला. चार मिनिटांनी म्हणाला, "थट्टा नही रे." मी "वजनं सोड, वजनं सोड" ओरडत राहिलो. उत्तर आलं नाही.

चौकशी समितीत अहिराणी कुणालाच येत नाही. ध्वनिफीत ऐकवून त्यांनी मला अर्थ विचारला. मी म्हणालो, गावाकडची थट्टा आहे. म्हणून अहवालात आलं की चालकाने धोका कळवलाच नाही. हेमांगी मॅडमचा जीवही त्याच्याच माथी मारला. मी भ्यालो होतो, अक्का. दुसरं काही कारण नाही.

काल समितीला खरं लिहून पोस्टात टाकलं. आधी तेच टाकलं, नाहीतर तुम्हाला लिहिताना माझा हात मागे आला असता. त्याने कळवलं होतं. वेळेवर कळवलं होतं. आईंना एवढं तरी वाचून दाखवा.

पुढच्या रविवारी भडगावला येतो. दार उघडलं नाहीत तरी ओट्यावर बसेन.

ज्याला त्याने हाक मारली होती, तो
समाधान