चौथा चौकोन

प्रिय नाना,

गेल्या रविवारी दोंडाईच्याला तुमच्या घरी जाऊन आले. तुम्हाला जाऊन सात महिने झाले आणि मी आत्ता गेले. किती उशीर केला ते तुम्हीच ठरवा. काकूंनी चहा दिला, इकडचं तिकडचं विचारलं, आणि मग कपाटातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढून माझ्या मांडीवर ठेवला. "मॅडम, हाई तुमनं शे," म्हणाल्या. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात होतं. आज बसलेय.

डब्यात तुमची चित्रं होती. झाकण उघडलं तर आधी व्हार्निशचा वास आला. तीन वर्षं मोबाईलवर तुमच्या चित्रांचे फोटो बघत होते, पण फोटोला वास कुठे असतो? विजेच्या मोटारीच्या खाचांमध्ये तारेखाली जाड कागद घालतात ना, त्याच्या उरलेल्या तुकड्यांवर तुम्ही ती काडीची माणसं काढत होता. मला वाटायचं, साधी वही असेल. मी कधी विचारलंच नाही.

आपली गाठ धुळ्याच्या विज्ञान प्रदर्शनात पडली. मी जामनेरहून आमच्या ज्युनिअर कॉलेजची मुलं घेऊन आलेली, तुम्ही एका शाळेसाठी कापून उघडी केलेली मोटार घेऊन आलेले. आमच्या टेबलामागे मी इंटरनेटवरच्या एका विज्ञान कॉमिकची प्रिंट चिकटवली होती. मला या कॉमिकचा नाद आहे हे आमच्या अख्ख्या स्टाफरूमला माहीत होतं आणि एकालाही त्यात काडीचा रस नव्हता. चित्रात दोन शास्त्रज्ञ एका यंत्रापाशी उभे. पहिला म्हणतो, इथे पन्नास हजार व्होल्ट आहेत, पण घाबरू नका, करंट अगदी कमी आहे. दुसरा विचारतो, कोणी मोजला? पहिला म्हणतो, स्वयंसेवक शोधतोय. सकाळपासून शेकडो माणसं त्या कागदासमोरून गेली आणि थांबलात एकटे तुम्ही. खिशातून चष्मा काढलात, ओठ हलवत एकेक इंग्रजी शब्द लावलात आणि असे हसलात की शेजारच्या टेबलावरच्या बाई दचकल्या.

मी विचारलं, "एवढं काय आवडलं?"

"मॅडम, हाऊ स्वयंसेवक म्हंजे मीच शे. तीस वरीस व्हयनात," असं म्हणून तुम्ही बोटांवरचे चट्टे दाखवलेत.

मोटार वाइंडिंगचं दुकान, दहावीपर्यंत शाळा, आणि खिशात इंग्रजी-मराठी शब्दकोश. असा माणूस मला कॉलेजात इतक्या वर्षांत भेटला नव्हता. त्याच दिवशी नंबर घेतला. पहूरचा योगेश, मेडिकलवाला, माझा जुना विद्यार्थी, त्यालाही ओढलं. ग्रुपला नाव तुम्हीच दिलंत, "तीन टाळकी". नियमही तुमचाच. न समजता हसायचं नाही. ज्याला समजलं नाही त्याने सरळ लिहायचं, "समजनं नही", आणि बाकीच्यांनी त्याला समजावायचं, त्यात हयगय करायची नाही.

किती वेळा लिहिलंत हो तुम्ही ते दोन शब्द! मग मी स्टँडवर एसटीची वाट बघत तुम्हाला व्हॉइस मेसेज पाठवायची. प्रकाशाचा वेग, मांजर आणि डबा, कृष्णविवरात पडलेला पोस्टमन. लोक वळून वळून बघायचे.

आणि नियम मोडताना पहिली पकडली गेले मी, फिजिक्सची मॅडम. ते पाळण्याचं कॉमिक आठवतं ना? तिघं पाळीपाळीने ढकलतात तर पाळणा गोल फिरतो, आणि एकटा ढकलतो तेव्हा तो नुसता मागेपुढे होतो. तुम्ही पाठवलं आणि मी लगेच हसणारे चेहरे टाकले. दोन मिनिटांत तुमचा फोन. "मॅडम, काब हासनात?" का हसले? तुम्ही पाठवलं म्हणून. मग तुम्ही दुकानातल्या सगळ्या आवाजात मला सांगितलंत, ती तिघं म्हणजे थ्री फेज, पण सिंगल फेजची मोटार आपली आपण फिरायला लागत नाही, तिला सुरुवातीला दुसरं कोणीतरी लागतं. हे मी पुस्तकातून दरवर्षी शिकवत होते. समजलं त्या दिवशी.

मग तुम्ही स्वतः काढायला लागलात. चार चौकोन आखायचे, तीन भरायचे, चौथा कोरा ठेवायचा. "चौथा खाना मी भरा ते तुम्ही काय करशात?" असं तुमचं म्हणणं. गिऱ्हाईक जळालेली मोटार घेऊन येतं, म्हणतं, सकाळपर्यंत चालत होती. तुम्ही विचारता, मग काय केलंत? ते म्हणतं, काहीच नाही. चौथा चौकोन योगेशने भरला. त्यात मोटारच बोलते, "खोटं." त्या दिवशी मी तास घेताना मध्येच हसले.

आपलं सगळं त्या चौथ्या चौकोनावर चालत होतं, नाना. तुम्ही टाकायचं, आम्ही उत्तर द्यायचं. मीसुद्धा किती भरले. एक सोडून.

आता त्याबद्दलच लिहिते. उगाच लांबवत होते.

तुम्ही ग्रुपवर लिहिलं होतंत, दोन दिवस दुकान बंद, नाशिकला काम आहे. मी अंगठा टाकला. तिसऱ्या दिवशी दुपारी, मी दोन तासांच्या मधे स्टाफरूममध्ये डबा खात होते, तुमचं चित्र आलं. पहिल्या चौकोनात पलंगावर काडीचा माणूस, शेजारी डॉक्टर. दुसऱ्यात डॉक्टर म्हणतो, "फोटो काढायला तुमच्या अंगात जे औषध सोडलंय ना, ते दर सहा तासांनी निम्मं होतं." तिसऱ्यात माणूस विचारतो, "आणि मी?"

चौथा कोरा.

मी काय केलं? तुमच्या फोटोवर, दुसऱ्या चौकोनात, लाल गोल काढला. लग्नपत्रिका आली तरी मी आधी शुद्धलेखन बघते, हे तुम्हाला माहीत आहेच. लिहिलं, "नाना, इथे चूक आहे. सहा तास हा नुसत्या औषधाच्या किरणोत्साराचा हिशोब झाला. शरीर त्यातलं काही लघवीवाटे बाहेरही टाकतं. त्यामुळे अंगात ते सहा तासांच्या आधीच निम्मं होतं." आणि वर पुन्हा, "बाकी छान!"

तुम्ही लिहिलंत, "बरोबर शे मॅडम. दुरुस्त करस."

बस. मी डब्याचं झाकण लावलं आणि बारावीच्या वर्गावर गेले.

अजून एक सांगायचं राहिलंय, ते तुम्हाला माहीत नाही. त्याच संध्याकाळी योगेशने मला वेगळा मेसेज केला होता. "मॅडम, नाना बरे आहेत ना? हा हाडांचा स्कॅन असतो, सहसा कधी करतात ते मला माहीत आहे." मी त्याला काय उत्तर दिलं असेल? "अरे, कॉमिक आहे ते." त्या पोराचं औषधांवर पोट आहे, त्याच्या मनात पाल चुकचुकली होती, आणि मी त्याला गप्प केलं. मॅडम म्हणाल्या म्हणजे झालं, असं त्याला वाटलं. पुढच्या दीड महिन्यात तुमची चित्रं कमी झाली आणि मला वाटलं, दुकानात सीझन असेल.

मग योगेशचा फोन आला. "मॅडम, नाना गेले. कॅन्सर होता."

मी आले नाही. प्रॅक्टिकल परीक्षा सुरू होत्या, हे कारण खरं होतं. दहाव्यालाही आले नाही, तेव्हा परीक्षा संपल्या होत्या. मला काकूंसमोर उभं राहायची लाज वाटत होती.

पण मी तुमच्यावरही रागावलेय, नाना. रागवायचा हक्क आहे का मला? असो, रागावलेय. माझ्या कूलरचा आवाज तुम्ही फोनवर ऐकायचात आणि तिथून सांगायचात की मागचं बेअरिंग गेलंय, अजून आठवडा काढेल. एवढा कान असलेल्या माणसाला कळलं नाही, की समोरच्या बाईला ऐकू आलेलं नाही? एकदा फोन करायचा. अहिराणीत दोन शिव्या घालायच्या. "मॅडम, समजनं नही का?" एवढंच लिहायचं. नियम तुमचाच होता ना, की न समजणाऱ्याला समजावायचं? माझ्याच बाबतीत हयगय का केलीत?

की वाटलं, बाईला सगळं समजलंय आणि ती मुद्दाम विषय टाळतेय? ही शंका सगळ्यात वाईट. सात महिने तिच्यामुळे मला धड काही सुचत नाही.

रविवारी काकूंनी त्या डब्यातून तोच कागद काढला. सहा तासांवर काट मारून तुम्ही खाली लिहिलंय, "त्याच्या आधीच. (मॅडम)". दुरुस्ती केलीत, मला श्रेयसुद्धा दिलंत. चौथा चौकोन तसाच कोरा.

काकूंनी त्यावर बोट ठेवलं. "मॅडम, हाऊ खाना कोरा काब शे?"

त्यांना तुमची ही पद्धत माहीत नव्हती. मी सांगितली. चौथा आम्ही भरायचा असतो, हा माझा होता, मी भरला नाही, मी दुसऱ्यातली चूक काढत बसले. सगळं सांगितलं. योगेशचंही. बोलता बोलता मला रडू आलं, आणि काकू, ज्यांचा नवरा गेलाय, त्या उठून माझ्यासाठी पाणी आणायला गेल्या.

पाणी दिल्यावर म्हणाल्या, "त्या दिन दोन-तीनदा मोबाईल देखा त्यास्नी. मंग हासनात. माले म्हनेत, घरमा बठ्ठा माले आजारी समजतस, आनि मॅडम आजूनबी मन्ही चूक काढस."

घरात सगळे तुम्हाला आजारी समजतात आणि मी अजून चूक काढते, म्हणून तुम्ही हसलात, नाना? समजून हसलात की नियम मोडलात?

काकू माझं मन राखायला असं बोलल्या असतील, असं जामनेरपर्यंत वाटत होतं. पण त्यांना खोटं बोलता येत नाही, हे तुम्हीच सांगायचात. मग खरंच हसला असाल. त्याने मला थोडं बरं वाटतं आणि थोडं जास्तच वाईट वाटतं. कारण त्याआधी तुम्ही दोन-तीनदा मोबाईल बघितला होतात. पहिल्यांदा बघितलात तेव्हा तुम्हाला दुरुस्ती नको होती.

निघताना काकूंनी विचारलं, "तुम्ही तिनीजन आजून हासतस का त्या मोबाईलवर?" आम्ही आता दोघंच आहोत, आणि त्या मात्र अजून तिघंजण म्हणाल्या. मी म्हटलं, नाही, बंदच आहे सगळं. सात महिन्यांत ग्रुपवर एक अक्षर नाही. योगेश काही टाकत नाही, मीही नाही. काकू म्हणाल्या, "अशी बंद पडेल मोटार त्यास्ले आवडे नही."

म्हणून आज सुट्टीच्या दिवशी टेबलावर तुमचा तो कागद घेऊन बसले. मला चित्र काढता येत नाही, मला बीकरसुद्धा सरळ काढता येत नाही. या कागदावर खोडरबर चालत नाही हेही आजच कळलं. चौथ्या चौकोनात तुमचाच पलंग काढला. शेजारी एक स्टूल. स्टुलावर काडीची एक बाई, केसांचा अंबाडा म्हणून एक गोळा. स्टुलाला चार पाय काढायचे होते, तीनच मावले. डॉक्टरला मी या चौकोनातून घालवून दिलं. बाई विचारते, "नाना, रिपोर्ट काय आला?"

एवढंच विचारायचं होतं. पंधरा मिनिटं लागली काढायला.

आता त्याचा फोटो ग्रुपवर टाकते आहे. योगेश बघेल. त्याची माफी वेगळी मागणार आहे, फोनवर, मेसेजवर नाही. आणि तुम्हाला शब्द देते. यापुढे कोणी काही पाठवलं, मग ते कॉमिक असो की बारावीतल्या एखाद्या मुलीची चिठ्ठी, आधी चौथा चौकोन भरीन. दुसऱ्यातली चूक नंतर. चूक काढायचं सोडीन असं मात्र म्हणत नाही, तुम्हाला ते खोटं वाटेल.

दर महिन्यात एक रविवार दोंडाईच्याला येईन. काकूंना एकेक कागद समजावून सांगायचा आहे. डब्यात बरेच आहेत. बऱ्याच ठिकाणी चौथा कोरा आहे, आणि काकू म्हणतात की त्यांना दोन-तीन उत्तरं सुचली आहेत.

स्टुलाचा चौथा पाय राहिलाय, माहीत आहे मला. ही चूक मुद्दाम दुरुस्त करत नाही. ती तुम्ही काढायची आहे.

तुमची,
वैशाली मॅडम